गाविलगड, रायफल आणि नळीतली काजळी

१/ “मराठ्यांकडे जुनाट तोड्याच्या बंदुका, इंग्रजांकडे आधुनिक रायफली, म्हणून गाविलगड पडला.” आमच्या भातकुलीत गडाचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. माझ्या मते ते चूक आहे. ही चूक उमगण्यासाठी बंदुकीच्या नळीत डोकवावे लागेल. #थ्रेड

२/ २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्रज पायदळाचे मुख्य शस्त्र होते ‘ब्राउन बेस’, म्हणजे गुळगुळीत नळीची, चकमकीची बंदूक. आपल्याकडील बहुतेक तोड्याच्या बंदुकांची नळीही गुळगुळीतच. फरक होता तो चापाजवळ, नळीत नव्हे.

३/ नळीत पेचदार चरे पाडले की गोळी स्वतःभोवती फिरते आणि नेम साधतो, हे युरोपला सोळाव्या शतकापासून ठाऊक होते. तरीही रायफल एवढी वर्षे मोजक्या नेमबाजांपुरतीच का राहिली? कारण काजळी!

४/ सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू जळते, तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. काही धुरासोबत जातो, काही नळीला चिकटतो. चऱ्यांत हा थर साचला की घट्ट गोळी गजाने ठोकूनच उतरवावी लागे. ब्राउन बेसची गोळी नळीपेक्षा सुमारे दीड मिलिमीटरने लहान असे; थर साचला तरी ती सहज उतरे. नेम गेला, पण वेग राहिला.

५/ हा थर हवेतला ओलावा शोषतो आणि लोखंड गंजवतो. उपाय साधा: गरम पाणी, कोरडी चिंधी, मग तेल. गुळगुळीत नळीत चिंधी सरळ फिरते. चऱ्यांच्या कोपऱ्यांत मात्र काजळी दडून बसते. त्यात नळीची मागची बाजू बंद, म्हणून सारी सफाई तोंडाकडूनच.

६/ हा पेच सुटला तो १८४९ च्या सुमारास, मिनिए गोळीने. ती सैलसर उतरे आणि बार उडताच बुडाशी फुगून चऱ्यांत बसे. १८५३ च्या एनफिल्डला तीनच चरे होते. तिच्या काडतुसाला वंगण लावत ते गोळी सुलभ उतरावी, काजळी मऊ राहावी म्हणून. १८५७ च्या वणव्याची ठिणगी ठरलेली ती चरबी मुळात याच काजळीवरचा उतारा होती.

७/ म्हणून १८०३ च्या पराभवाला ‘मागास बंदुका’ हे उत्तर मला आळशी वाटते. गाविलगडाचा उत्तरेकडचा तट तोफांनी फोडला, आणि त्या तोफा इंग्रजांनी मेळघाटाच्या डोंगरांतून ओढत नेल्या होत्या. कारणे शोधायची तर त्या वाटेवर शोधावीत. आणि संग्रहालयात जुनी बंदूक दिसली, तर दस्त्यावरच्या नक्षीआधी नळीचे तोंड पाहा: आत चरे आहेत का?