अध्यापकाचा उच्चार आणि श्रोत्याचे दायित्व

अमेरिकन विद्यापीठांत गणित, रसायन वा संगणकशास्त्राचे प्राथमिक वर्ग आणि प्रात्यक्षिके पुष्कळदा संशोधक विद्यार्थीच घेतात. अध्यापन-साहाय्यक या नात्याने त्यांना विद्यावेतन मिळते व बहुधा शुल्कही माफ होते. 2023-24 या वर्षी अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 3,31,602 झाली आणि भारताने चीनलाही मागे टाकले. तेव्हा हा प्रश्न भारतीयांच्या जिव्हाळ्याचा आहे, हे उघड आहे. मायदेशी हुशार गणला गेलेला तरुण तेथे पहिल्याच सत्रात ‘यांचे बोलणे कळत नाही’ या तक्रारीचा विषय होतो. तक्रार सर्वस्वी खोटी नसते. परंतु ती अर्धी असते.

1980 नंतरच्या काळात अनेक राज्यांनी अध्यापकांच्या इंग्रजी संभाषणक्षमतेविषयी कायदे केले. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा 1990 चा. शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यास पाठ कळावा, हा त्यांमागील हेतू न्याय्यच होय. मात्र या व्यवस्थेने संवादाचा सारा भार वक्त्यावर टाकला. डोनल्ड रूबिन यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. एका अमेरिकन स्त्रीच्या आवाजातील ध्वनिमुद्रित व्याख्यान विद्यार्थ्यांना ऐकविण्यात आले. काहींसमोर गौरवर्णीय स्त्रीचे छायाचित्र ठेवले होते, काहींसमोर आशियाई स्त्रीचे. आवाज तोच असूनही दुसऱ्या गटाचे आकलन उणे भरले. कानांच्या आधी डोळ्यांनी निवाडा दिला होता.

यावरून साहाय्यकाने काहीच शिकू नये, असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा पालटत नाही. इंग्रजीत ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम की क्रियापद, हे आघातच ठरवितो. सर्व अक्षरांवर सारखाच भार देऊन बोललेल्या वाक्यात अमेरिकन श्रोत्याला महत्त्वाचा शब्द सापडत नाही. तेव्हा एकेक व्यंजन घासून पुसून घेण्यापेक्षा आघात, विराम आणि फळ्यावर लिहिलेले मुख्य शब्द यांचा उपयोग अधिक.

उच्चाराइतकाच अडसर वर्गातील संकेतांचा असतो. शंकासमाधानाच्या परंपरेत वाढलेला भारतीय साहाय्यक ‘काही डाउट आहे का?’ असे सहज विचारतो. भारतीय इंग्रजीत ‘डाउट’ म्हणजे विचारण्याजोगी शंका. अमेरिकन विद्यार्थ्यास त्यात अविश्वास ऐकू येतो व तो गोंधळून गप्प बसतो. उलटपक्षी, विद्यार्थ्याने पहिल्या नावाने हाक मारली किंवा गुणांविषयी वाद घातला, की साहाय्यकास तो उद्धटपणा वाटतो. दोघेही आपापल्या रीतीने सभ्यच वागत असतात.

अर्बाना येथील इलिनॉय विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या ब्रज काचरू यांनी भारतीय इंग्रजीस स्वतःचे नियम आहेत, हे साक्षेपाने दाखवून दिले. ते मान्य केले, तर साहाय्यकाचे प्रशिक्षण ही सदोष वाणीची दुरुस्ती राहत नाही. एका रीतीतून दुसऱ्या रीतीत जाण्याची ती तयारी ठरते. ही तयारी सत्रारंभापूर्वी व्हावी, अनुभवी अध्यापकाने वर्गात बसून ती पाहावी आणि तिच्यासाठी विभागाने वेळ मोजून द्यावा. संशोधनाच्या ओझ्यातून उरलेल्या घटकाभरात ती होणे नाही.

पण तेवढ्याने भागणार नाही. नव्या विद्यार्थ्यांसही पहिल्या आठवड्यात अपरिचित उच्चार ऐकण्याचा सराव द्यावयास हवा. न कळल्यास तक्रारअर्जाआधी प्रश्न विचारावा, हे त्यांना सांगावयास हवे. पुढे कारखान्यात, रुग्णालयात वा प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी अनेक देशांचेच असणार आहेत. दुसऱ्याची भाषा धीराने ऐकणे हा शिक्षणाचाच भाग होय, आणि त्याची परीक्षा आजवर केवळ वक्त्याचीच घेतली गेली आहे.