चिमुकल्यांचा चित्रपट

नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा ‘कालिया मर्दन’ हा मूकपट १९१९ साली प्रदर्शित झाला. दादासाहेब फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने त्यात बाळकृष्णाची भूमिका केली होती. चित्रपटाच्या आरंभी दादासाहेबांनी आधी ही सात वर्षांची मुलगी आणि तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव दाखविले. मग तिचे रूपांतर कृष्णात झाले. कालियाशी झुंज सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकाला कळते, की हा अभिनय आहे.

आपल्या मुलाला मात्र हे कोणी सांगितलेले नसते. तीन-चार वर्षांच्या बालकाच्या लेखी पडद्यावर घडते ते खरेच घडते. म्हणून ‘कार्टूनच तर आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहू नये. ‘फाइंडिंग निमो’मध्ये पहिल्या काही मिनिटांतच निमोची आई जाते, ‘द लायन किंग’मधील छाव्याच्या डोळ्यांदेखत त्याचा पिता मरतो. आईवडिलांपासून ताटातूट ही या वयातील सर्वांत मोठी भीती. दिवसा गप्प बसून पाहिलेले असे दृश्य रात्री झोप मोडते, एकट्याने न्हाणीघरात जाण्याचे धाडस हिरावून घेते.

‘यू’ प्रमाणपत्राचा अर्थ चित्रपट सर्वांस खुला आहे एवढाच. तो बालकांसाठी बनविला आहे, असा नव्हे. २०२४पासून ‘यूए’ गटात ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आले आहेत. तो आकडा अवश्य पाहावा. परंतु आपले मूल किती हळवे आहे, हे आपल्यालाच ठाऊक असते.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालील मुलांना आप्तांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलखेरीज पडदा नको. दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास. तेव्हा अडीच तासांचा चित्रपट या वयाला मानवणारा नाही. घरी पाहायचा तर तीन दिवसांत विभागून पाहावा.

निवड करताना चित्रपट आधी स्वतः पाहा. निदान आरंभ आणि शेवट तरी. एकाएकी होणारे मोठे आवाज, झपाट्याने बदलणारी दृश्ये आणि ताटातुटीचे प्रसंग हेरून ठेवा. ‘माय नेबर टोटोरो’मध्ये खलनायकच नाही, तो चार-पाच वर्षांच्या मुलांना रमवतो. आई इस्पितळात असल्याचा धागा त्यात आहे, तेवढे आधी समजावून सांगावे. सायकल वाचविण्यासाठी धडपडणाऱ्या भावंडांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ मात्र आठ वर्षांनंतरच उमगेल.

मूल घाबरले, तर ‘घाबरट’ म्हणून हसू नका. पडदा बंद करा, त्याला जवळ घ्या आणि काय दिसले ते त्याच्याच शब्दांत सांगू द्या. मग घरातलीच ओढणी पांघरून राक्षस व्हा आणि त्याच्यादेखत ती काढून पुन्हा आई व्हा. दुसऱ्या दिवशी ओढणी त्याच्या हाती द्या. राक्षस होण्याची पाळी त्याची.