सही इथे कर!

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेतून एकदा चक्कर मारून यावी. दुकानादुकानांतून पांढऱ्या चादरी अंथरलेल्या असतात, पाटावर लाल कापडाच्या बांधणीची नवी कोरी वही मांडलेली असते, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढलेला असतो, आणि एरवी गिऱ्हाइकाच्या अंगावर खेकसणारा शेठ त्या वहीपुढे हात जोडून उभा असतो. ज्यांचे हिशेब आता संगणकात गेले आहेत तेसुद्धा त्या दिवसापुरती एक वही आणतातच. दुसऱ्या दिवशी कार्तिक शुद्ध प्रतिपदा. व्यापाऱ्याचे वर्ष बदलते. जुनी कीर्द बंद होते, नवी उघडते. मुंबईच्या शेअरबाजारातही १९५७ सालापासून दिवाळीच्या मुहूर्ताचे सौदे होत आले आहेत.

आणि त्याच संध्याकाळी आपल्या घरी काय असते? तबकात चार नाणी, एखादा चांदीचा रुपया, सासूबाईंच्या दागिन्यांतून उरलेली एक बांगडी, आणि लाह्या-बत्तासे. लक्ष्मीची पूजा यथासांग होते. पण ही लक्ष्मी वर्षभरात किती आली, कोणत्या दाराने गेली, आणि पाटावर बसलेलीपैकी आपली किती व दुसऱ्याची आणून बसवलेली किती, हे त्या आरतीला उभ्या असलेल्या पाच माणसांपैकी एकालाच ठाऊक असते. पुष्कळदा त्यालाही नसते. वर्षारंभांचा तर आपल्याकडे दुष्काळ नाही! चैत्रातला गुढीपाडवा आहे, दिवाळीचा पाडवा आहे, सरकारचा एक एप्रिल आहे आणि इंग्रजांचा एक जानेवारी आहे. चार-चार नवी वर्षे साजरी करणाऱ्या आपल्या समाजाला घरचा हिशेब उघडायला मात्र एकही मुहूर्त मिळत नाही.

हे मी लोकांना शिकवायला निघाले आहे असे कोणी समजू नये. मी बालवर्गाची शिक्षिका. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (आता त्याला मॅट्रिक कोणी म्हणत नाही, माझे वडील म्हणत, म्हणून मीही म्हणते.) रात्री जेवणे आटोपल्यावर लिहून लिहून चार कादंबऱ्या झाल्या. त्यांपैकी एका कादंबरीतला सावकार वाचकांना फार आवडला. त्याच्या व्याजाचा हिशेब मी पैन् पै जुळवला होता. माझ्या स्वतःच्या पगाराचा हिशेब मात्र मी बावीस वर्षांच्या संसारात कधी पाहिला नव्हता. पगार बँकेत जमा होई, बँकेचे कार्ड यांच्या पाकिटात असे, आणि घरखर्चाला लागतील तसे पैसे मला मिळत. यात मला काही कमी वाटत नव्हते. उलट मैत्रिणींत मी मिरवीत असे, "आमच्याकडे बाई पैशाचे सगळे हेच बघतात!" अज्ञानाचाही दागिना घालता येतो. मी तो घातला होता.

दोन वर्षांपूर्वी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी बँकेत गेले. कारण मोठे गंमतीचे होते. एका कादंबरीचे मानधन प्रकाशकांनी खात्यावर भरल्याचे फोनवर सांगितले होते, ते आले की नाही ते पाहायचे होते. पासबुक भरून घेतले. मानधन आलेले नव्हते. पण त्याहून वेगळेच काही दिसले. माझा बारा हजारांचा पगार गेले चार महिने आठ हजार आठशेच जमा होत होता. मला वाटले, शाळेची काही चूक झाली असावी. तशीच शाळेत गेले. आमच्या कारकुनांनी फाइल काढली, एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि खालच्या आवाजात विचारले, "बाई, ही सही आपलीच ना?"

सही माझीच होती. शेजारी हळदीचा पुसट डागसुद्धा होता. मग आठवले. तीन वर्षांपूर्वीचा रविवार, मी आमटीला फोडणी देत होते, आणि हे कागद घेऊन ओट्याशी आले होते. "अगं, सही इथे कर. आणि इथे." मी पदराला हात पुसले आणि केली. धाकट्या भाऊजींनी टेंपोसाठी एका पतसंस्थेतून दीड लाख रुपये काढले होते आणि त्या कर्जाला मी जामीन झाले होते. जूनपासून भाऊजींचे हप्ते थकले. संस्थेने माझ्या पगारातून महिना तीन हजार दोनशे कापून घ्यायला सुरुवात केली. नोटीस घरी आली होती. ती यांनी गॅसच्या पुस्तकात घालून ठेवली होती. का, तर दिवाळी तोंडावर आली आहे, बायकोच्या जिवाला घोर नको!

वाचकहो, यांचा स्वभाव वाईट नाही. भाऊजीही लबाड नाहीत. टेंपो दोनदा आडवा झाला आणि धंदा बसला. म्हणूनच ही गोष्ट सांगते. खलनायक असता तर मी कादंबरी लिहिली असती. सगळी भली माणसे असलेल्या घरात हे घडले, आणि ते तुमच्याही घरी घडत असेल. यातली मुख्य मौज तर पुढेच आहे. जामीन म्हणून यांची सही संस्थेला नको होती, कारण यांची नोकरी कायम नाही. संस्थेला हवे होते माझे पगारपत्रक. म्हणजे ज्या कागदाच्या भरवशावर परक्या माणसांनी दीड लाख रुपये मोजले, तो कागद माझा. आणि तो कशासाठी वापरला गेला हे जिला ठाऊक नव्हते, तीही मीच. १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे लिहिले नसेल तर. 'नुसती सही' असे त्या कायद्यात काही नाही. ते फक्त आपल्या स्वयंपाकघरात असते.

आता हा विषय मी काढला की मला तीन उत्तरे मिळतात. पहिले सासूबाईंचे: सणासुदीला पैशाचे बोलू नये, अशुभ असते. त्यांना मी एवढेच म्हणते, पेठेतल्या शेठजींना जाऊन सांगा. ते तर नेमके सणालाच बोलतात, आणि लक्ष्मी त्यांच्यावर रुसल्याचे अजून ऐकिवात नाही.

दुसरे उत्तर आमच्या लेखक मंडळींचे. हिशेब हा वाण्याचा धर्म, कलावंताने त्यात पडू नये. मग तुकोबांचा दाखला येतो: त्यांनी कर्जाची खते इंद्रायणीत बुडवली! बुडवली खरी. पण परंपरा काय सांगते ते पुरते ऐका. बुडवली ती लोकांकडून यायच्या पैशांची खते. स्वतःच्या डोक्यावरचे कर्ज कोणी नदीत बुडवत नाही. आणि तीही सगळी नव्हे. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा आधी निराळा काढून त्यांच्या हाती दिला, मग उरलेला आपला अर्धा पाण्यात सोडला. जो माणूस वैराग्याच्या क्षणीही भावाचा वाटा विसरत नाही, त्याच्यासारखा चोख हिशेबी कोण? त्यांचे नाव घेऊन बायकोपासून हप्त्यांच्या पावत्या लपवणाऱ्यांनी आधी ती वाटणी तरी करून दाखवावी.

तिसरे उत्तर सर्वांत गोड: "आमच्या बायकांना यातले काही कळत नाही हो." दुधाचे खाडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडून महिनाअखेरीस गवळ्याची बोलती बंद करते ती कोण? बारा जणींची भिशी बारा महिने एकही रुपया न चुकता चालवते ती कोण? कळत नाही असे नाही, दाखवत नाहीत. मात्र इथे मला आम्हा बायकांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत. २०१६ साली भाऊबीज होऊन आठवडा झाला, आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर डाळीच्या डब्यांतून, साड्यांच्या घड्यांतून, देव्हाऱ्याच्या मागून नोटा बाहेर आल्या. माझ्या साबुदाण्याच्या डब्यातून एकोणीस हजार निघाले. हे बघतच राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेव्हा सगळ्यांनी बायकांच्या काटकसरीचे कौतुक केले. मला आज त्याचे कौतुक वाटत नाही. नवऱ्याने नोटीस गॅसच्या पुस्तकात दडवावी आणि बायकोने नोटा साबुदाण्यात, हा संसार नव्हे, लपाछपी झाली. आणि डब्यातल्या पैशाला व्याज नसते, हे वेगळेच.

ज्यांना वाटते की वही म्हणजे कोरडा कागद, त्यांनी पुणे जिल्ह्यातले सुपे आठवावे. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले. ते धान्याकरिता नव्हते आले. त्यांना हव्या होत्या वह्या, खते आणि रोखे. ते हिसकावून त्यांनी जाळले. पुढे दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, चौकशी समिती बसली आणि १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. त्या निरक्षर माणसांना एक गोष्ट नीट उमगली होती: आपण ज्यावर अंगठा उठवला पण जे वाचू शकलो नाही, तेच आपल्या जमिनीचे मालक झाले आहे. दीडशे वर्षे होऊन गेली. आम्हाला वाचता येते, आणि आम्ही न वाचता सही करतो. आता तर सहीही नको, फोनवर बोट टेकवले की झाले. पूर्वी शंभराची नोट मोडताना जीव तुटायचा. आता दुकानातल्या चौकोनी ठिपक्यांवर फोन धरला की काहीच तुटत नाही, फक्त महिनाअखेर लवकर येते.

त्यात ते बिनव्याजी हप्ते! दिवाळीत वर्तमानपत्र उघडायची सोय राहिली नाही. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वातच नसते, ते कुठल्या तरी शुल्काच्या पोटात दडवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ सालीच लेखी बजावले होते. शेजारच्या मुलाच्या क्रेडिट कार्डाचा कागद मी मुद्दाम वाचला. थकबाकीवर महिना साडेतीन टक्के! म्हणजे वर्षाला बेचाळीस. वीस हजार थकले की महिन्याला सातशे रुपये नुसते व्याज. माझ्या कादंबरीतला सावकार इतके मागत नव्हता. वाचकांना तो अतिरंजित वाटेल अशी मला भीती होती.

तर माझे मागणे असे आहे. पाडव्याला आपण नवऱ्याला ओवाळतो आणि तो तबकात ओवाळणी घालतो. या पाडव्याला त्या तबकात नोट नको, घरातली पासबुके आणि कर्जाचे कागद मागा. आणि आपला साबुदाण्याचा डबाही तिथेच आणून ठेवा. मग फराळाच्या ताटाशी बसून सगळ्यांदेखत वाचा. दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही बसू द्या. महिन्याला येते किती, देणे कोणाचे, जामीन कोण कोणाला. ठेवी कुठे आहेत हेही विचारा. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते एक लाखच होते. कोपऱ्यावरच्या पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही, मग तिची पाटी कितीही मोठी असो. नवऱ्याचा विमा असेल तर तो १८७४ सालच्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली उतरवला आहे काय, ते पाहा. प्रामाणिकपणे तसा उतरवलेल्या विम्याची रक्कम बायकामुलांचीच राहते, धनकोला तिला हात लावता येत नाही. आणि खात्याला वारसाचे नाव लावले आहे की नाही? मार्च २०२४ अखेर देशातल्या बँकांनी ज्यांना कोणी विचारायला आले नाही अशा ७८,२१३ कोटी रुपयांच्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा केलेल्या होत्या. हा पैसा कोणा राजाचा नव्हे. तो 'हेच बघतात' म्हणणाऱ्या घरांतलाही आहे. बघणारा गेला, आणि उरलेल्यांना खाते कुठे होते हेच ठाऊक नव्हते.

त्या वर्षी आमच्याकडे पाडवा कसा झाला ते विचारू नका. चकल्या तशाच राहिल्या. सासूबाईंनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला, त्यांच्या मते घरातली गोष्ट मी शाळेत नेली होती; खरे म्हणजे ती शाळेतून घरी आली होती. भाऊबिजेच्या संध्याकाळी मात्र हे स्वतःच कपाटातले सगळे कागद घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "चल, लिहून घे." कळले असे की इतकी वर्षे त्यांनाही सगळे एकत्र कधी दिसले नव्हते, आणि पुष्कळ रात्री त्यांना झोप नव्हती. भाऊजींना बोलावले. महिना दीड हजार ते आणून देतात; कधी चुकतो. उरलेले मी भरते, आणि पावती माझ्याजवळ असते.

दोनशे पानी वही आहे, लाल बांधणीची नव्हे, साधी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. शेवटच्या पानावर 'येणे' असे एक सदर आहे. त्यात या पाडव्याला एकच नोंद पुढे ओढायची आहे, त्या कादंबरीच्या मानधनाची. प्रकाशक महाशय दिवाळी अंक आवडीने वाचतात, असे ऐकले आहे.