कायमचा पत्ता

गेल्या महिन्यात नोकरी बदलली. माझी आठवी. पहिल्या दिवशी एचआरच्या गोड पोराने टॅब हातात दिला आणि म्हणाला, ‘मॅम, एवढा एकच फॉर्म.’ हे ‘एवढा एकच’ प्रकरण तुम्हाला माहीतच आहे. बाराव्या स्क्रीनवर पोचले तेव्हा दोन चौकोन समोर आले. हल्लीचा पत्ता आणि कायमचा पत्ता. दुसऱ्याच्या शेजारी एक छोटीशी खिडकी, ‘वरीलप्रमाणेच’. ‘टिक करून टाका मॅम, पटकन होईल,’ पोरगा म्हणाला.

एकवीस वर्षांत त्या खिडकीत मी एकदाही टिक केलेलं नाही. वरच्या चौकोनात कोथरूड आलं, विमाननगर आलं, अंधेरी आलं, मस्कत आलं, परत कोथरूड आलं. खालच्या चौकोनात कायम एकच. धुरीवाडा, मालवण, 416606. हा पिनकोड मला माझ्या मोबाइल नंबरच्या आधी पाठ आहे.

पण यावेळी तो लिहिताना बोट जरा थबकलं. का ते सांगते. आधी थोडा फ्लॅशबॅक.

2004 साली बी.एस्सी.ची मार्कशीट आणि आईने दिलेला खाजाचा पुडा घेऊन मी कुडाळला गाडीत बसले. (मालवणला रेल्वे नाही. एसटीने तासभर हादरे खात कुडाळ किंवा कणकवली गाठायची, हा आमच्याकडचा बोर्डिंग पास.) पुण्यात कॉल सेंटरला लागले. रात्री आठ ते पहाटे पाच मी ‘मॅगी’ होते आणि परदेशातल्या आजीबाईंना त्यांचं टेलिफोन बिल समजावून सांगत होते. मग वर्षभर क्रेडिट कार्डं विकली. मग एका रेडिओ स्टेशनसाठी जाहिराती लिहिल्या, साडीसेलपासून किडनी स्टोनपर्यंत सगळ्या. मग लग्न, मग नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ मस्कत आणि तिथल्या एका ऑफिसात अॅडमिन. परत आल्यावर मैत्रिणीबरोबर बेकरी काढली. केक झक्कास होते, हिशेब नव्हते. चौदा महिन्यांत शटर खाली. त्यानंतर ट्रेनिंग, कंटेंट, पुन्हा ट्रेनिंग. माझा बायोडेटा वाचून एका मुलाखतकाराने विचारलं होतं, ‘यू आर स्टिल सर्चिंग?’ मी म्हटलं, ‘नाही हो, भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो ना, तशी सवय लागलीय.’ नोकरी मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

या सगळ्यात मालवण मात्र जागच्या जागी होतं. निदान मला तसं वाटायचं. नाइट शिफ्टला डबा उघडला की आईने पाठवलेल्या तिरफळाच्या वासाने अख्खी टीम माझ्याकडे बघायची. मस्कतमध्ये तर गंमतच. तिथला समुद्र म्हणजे ओमानचं आखात, आपल्या अरबी समुद्राचा सख्खा शेजारी. मुत्राच्या मासळीबाजारात सुरमई बघून मी पहिल्याच आठवड्यात रडले होते. तिला तिथे ‘कनद’ म्हणतात. पण त्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून वर येतो. आमच्याकडे तो समुद्रात बुडतो. दोन वर्षं रोज सकाळी ते बघून मला वाटायचं, कोणीतरी सिनेमा उलटा लावलाय.

गावाची आठवण काढणं सोपं असतं, बॉस. लांबून काढायची असली तर फारच सोपं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घरात काय शिजतं, हे आठवणीत येत नाही. नारळी पौर्णिमेला बंदरावर नारळ लढवायला जमलेली गर्दी आठवते, समोरचा सिंधुदुर्ग आठवतो. पाहुण्यांना मी हमखास सांगते, 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, तीन वर्षांत उभा केला, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. हे सांगताना आवाज असा होतो, जसा काही त्यातल्या एका विहिरीवर माझा नंबर लागतो. प्रत्यक्षात लग्नानंतर मी वर्षाकाठी पाच दिवस गावी जाते. गणपतीत. तेही तिकीट मिळालं तर. पूर्वी 120 दिवस आधी रिझर्व्हेशन उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं. कोकण रेल्वेची वेटिंग लिस्ट मात्र तेवढ्याच वेगाने भरते.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं. लॉकडाऊन होता, मी पुण्यात लॅपटॉपसमोर. टीव्हीवर वादळाचा तो गरगरणारा पांढरा भोवरा सिंधुदुर्गाच्या अगदी अंगाला लागून वर सरकताना दिसत होता. घरचा फोन लागेना. मालवणात झाडं पडली, खांब वाकले, कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या परसातला फणस माजघराच्या कौलांवर आडवा झाला होता. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तोपर्यंत भावाने कुऱ्हाडीने फांद्या तोडल्या होत्या, ताडपत्री ओढली होती, बाबांना उचलून शेजारच्या स्लॅबच्या घरात ठेवलं होतं. मी काय केलं? पाच हजार रुपये ऑनलाइन पाठवले आणि स्टेटसला फणसाचा फोटो ठेवला. त्याला भरपूर लाइक्स आले. आज लिहितानाही कान गरम होतात.

बाबा 2023 मध्ये गेले. आणि यंदा एप्रिलमध्ये भावाचा फोन आला.

‘ताई, तुझी एक सही व्हयी.’

‘कसली रे?’

‘हक्कसोडपत्राची. घराच्या. तसा काय नाय गो, फॉर्मॅलिटी.’

सही! आमच्या कॉलेजच्या दिवसांत हा शब्द कुठल्याही भारी गोष्टीला वापरायचो. गाणं सही, शर्ट सही, पोरगा तर एकदम सही. आता तोच शब्द पोटात गोळा आणत होता.

भावाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पर्यटक वाढलेत. चिवला वेळ चालत दहा मिनिटांवर. मागच्या दोन खोल्यांचा होमस्टे करायचा, त्यासाठी कर्ज काढायचं आणि उताऱ्यावर एकट्याचं नाव असलं की कटकट कमी. ‘तू खंय येऊन ऱ्हवतलंस?’ हेही त्याने हसत विचारलं. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

माझी एक वकील मैत्रीण आहे. तिने कॉफी संपायच्या आत सगळं समजावलं. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हिस्सा मिळाला. 2005 साली वडील हयात असायलाच हवे होते का, हा घोळ बरीच वर्षं चालला. ऑगस्ट 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकालात काढला, ती अट नाही. आपल्या महाराष्ट्राने तर 1994 सालीच मुलींना हा हक्क दिला होता, फक्त त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ‘आणि नीट ऐक,’ ती म्हणाली, ‘हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. ते फॉर्मॅलिटी नसतं.’

म्हणजे कायदा माझ्या बाजूने. मग मला ताठ मानेने ‘नाही’ म्हणता यायला हवं होतं. पण मला सारखी रापण आठवत होती.

तुमच्यापैकी ज्यांनी तारकर्लीला फक्त स्कूबा केलंय त्यांच्यासाठी सांगते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. एक टोक किनाऱ्यावर ठेवून होडी समुद्रात अर्धगोल फिरते, जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक घेऊन परत येते. मग दोन्ही दोऱ्यांना माणसं लागतात आणि ओढत ओढत जाळं वाळूवर आणतात. आम्ही पोरंही लटकायचो. आमचं बळ ते काय! पण शेवटी तांडेल आमच्याही ओंजळीत चार बांगडे टाकायचा. दोरीला हात लावला त्याला वाटा. किनाऱ्यावर उभं राहून नुसतं बघणाऱ्याला मजा, वाटा नाही.

गेली एकवीस वर्षं मी किनाऱ्यावर उभी राहून बघतेय की. घरपट्टी भावाने भरली. विहिरीचा पंप त्याने बदलला. बाबांचं शेवटचं दीड वर्ष त्याने आणि वहिनीने काढलं. मी फॉर्मात पत्ता भरला.

मेमध्ये चार दिवसांची रजा टाकून गेले. पहिल्या दिवशी कोणीच विषय काढला नाही. वहिनीने घावणे केले, भावाने बाजारातून सौंदाळे आणले, आम्ही दोघं बालपणीच्या भांडणांवर खोटं खोटं हसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसून मीच म्हटलं, ‘मी सही करणार नाही.’

भावाचा चेहरा पडला. मी घाईघाईने पुढचं बोलले, कारण थांबले असते तर धीर गेला असता. उताऱ्यावर तिघांची नावं राहू देत, तुझं, आईचं, माझं. होमस्टे तू चालव, कमाई तुझी. कर्जाला मी सहकर्जदार होते. बँकेला हवी ती संमती देते. हप्ता थकला तर माझ्याही खात्यातून जाईल. आणि यंदापासून घरपट्टी आणि शाकारणीचा अर्धा खर्च माझा.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तुका माझ्यावर विश्वास नाय?’

खरं सांगू? हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि तरी तयारी नव्हती. मी म्हटलं, ‘तुझ्यावर आहे. माझ्यावर नाही. सही केली ना, तर मी इथे पाहुणी म्हणून येईन आणि पाहुणी म्हणून यायला मला दरवर्षी काहीतरी कारण सापडेल न यायला.’

आई मघापासून आत तांदूळ निवडत होती. तिथूनच तिने निकाल दिला. ‘सही करूची तर करा, नसली तर नको. पण मिरगाआधी घर शाकारूचा आसा, तेचे पैसे कोण देतलो ता आधी सांगा.’

दोघंही हसलो. यावेळी खरं. तिसऱ्या दिवशी शाकारणीचे गडी आले. मी खाली उभी राहून शिडीवरच्या भावाच्या हातात कौलं दिली. संध्याकाळी खांदे असे दुखत होते की बस्स. तेवढ्या कौलांनी एकवीस वर्षं भरून निघत नाहीत, हे मलाही कळतं. भावाच्या मनातली अढी पूर्ण गेलीय असंही नाही. फोनवर तो हल्ली जरा मोजून बोलतो. बँकेची फाइल अजून फिरतेय. पण नकाराचं भांडण झालं नाही आणि होकाराचं ओझंही झालं नाही, यावर सध्या मी खूश आहे.

तुम्हीही कुठून तरी आला असाल. गुहागर, हर्णै, वेंगुर्ला, किंवा समुद्र नसलेलं एखादं गाव. तुमच्याही फॉर्मात तो दुसरा चौकोन असेल. कधीतरी घरून ‘एक सही व्हयी’ असा फोन येईल. मुलींनो, तुम्हाला तर नक्कीच येईल. करायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त कागद वाचून आणि शेवटची घरपट्टी कोणी भरली हे विचारून ठरवा.

असो. एचआरचा पोरगा ताटकळला होता. ‘मॅम, टिक?’

‘नाही रे राजा, लिहिते.’

आणि मी लिहिलं. पिनकोडसकट. त्यानंतर मोबाइल उघडून त्या पिनकोडावरच्या घराच्या घरपट्टीतला माझा अर्धा वाटा भावाला पाठवला. लगेच त्याचा मेसेज आला. ‘मिळाले. गणपतीचा तिकीट काढलंस?’

साठ दिवसांचा हिशेब केला. बुकिंग दुसऱ्या दिवशी सकाळी आठला उघडणार होतं. नव्या ऑफिसच्या दुसऱ्याच दिवशी मी उशिरा पोचले. कारण तुम्हाला कळलंच असेल.