आजारी पोराचं तिकीट

सहलीत मुलाचं पोट बिघडलं की घरातल्या मोठ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय खाल्लं होतंस तिथे? मग पार्कातल्या पिझ्झ्यावर, आइस्क्रीमवर, नाहीतर रस्त्यात थांबून खाल्लेल्या वड्यावर खापर फुटतं. या प्रश्नाने बहुतेक वेळा आपण भलत्याच दिशेला जातो. आधी विचारायला हवं, त्रास किती वाजता सुरू झाला? वेळ नीट कळली तर निम्मं निदान तिथेच होतं. आणि आज मला तिकिटांबद्दल जे सांगायचं आहे, तेही या वेळेच्या हिशेबातूनच निघतं.

पुण्याच्या मुलांना अशा सहली आता जवळ आल्या आहेत. एक पिढी १९८९ साली सुरू झालेल्या गोराईच्या एस्सेलवर्ल्डला अर्ध्या रात्री बसमध्ये बसून गेली. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं आणि द्रुतगती मार्गामुळे सकाळी निघून रात्री परत येता येऊ लागलं. सिंहगडाच्या वाटेवर, लोहगावला, लोणावळ्याला वॉटर पार्क आहेत. शनिवारी ठरवलं, रविवारी गेलो, सोमवारी शाळा. म्हणजे मुलाचा आधीचा आठवडा, सहलीचा दिवस आणि नंतरचा आठवडा एकमेकांना अगदी चिकटून असतात.

घाट उतरताना किंवा पार्कच्या दारात पोचताच मळमळ सुरू झाली, चेहरा पांढरा पडला, घाम फुटला, एखादी उलटी झाली, पण ताप नाही आणि जुलाबही नाहीत, तर बहुधा गाडी लागली आहे. शरीर हलतंय असं कानाच्या आतली तोल सांभाळणारी इंद्रियं मेंदूला कळवत असतात, आणि मोबाइलवर खिळलेले डोळे मात्र सगळं जागच्या जागी असल्याचं सांगतात. मेंदूला हा विसंवाद झेपत नाही. दोन ते बारा या वयातल्या मुलांना हा त्रास जास्त होतो. त्याच अवस्थेत मुलाला थेट गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसवलं की तो वाढतो. अर्धा-पाऊण तास सावलीत, दूरवर बघत बसलं तर तो आपोआप उतरतो. एवढा वेळ मुलाला दिला जात नाही, कारण दारं उघडलेली असतात आणि रांगा लागत असतात.

खाल्ल्यापासून एक ते सहा तासांच्या आत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर संशय तयार विषाचा घ्यावा, आणि ते विष अनेकदा आपल्याच डब्यातून आलेलं असतं. पहाटे पाचला डबा भरायचा म्हणून रात्री जास्तीचा भात लावला जातो, तो ओट्यावरच राहतो आणि सकाळी त्याला फोडणी बसते. भातात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजवताना ते मरत नाहीत. कोमट भातात रात्रभरात त्यांची वाढ होते आणि त्यातून तयार होणारं एक विष फोडणीच्या आचेलाही टिकतं. हाताने कुस्करलेली बटाट्याची भाजी, पनीर, क्रीमचे केक यांत स्टॅफिलोकोकस वाढला तरी असंच घडतं, त्याचं विषही पुन्हा गरम केल्याने जात नाही. एप्रिल-मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तीन तास ठेवलेला डबा म्हणजे या जिवाणूंना हवं तसं तापमान. घरचं ते निर्धोक ही समजूत मला फार जिव्हाळ्याची वाटते, मी त्याच समजुतीत वाढले आहे. पण जिवाणूला घरचं आणि बाहेरचं कळत नाही. रात्रीचा भात न्यायचाच असेल तर तो पसरून लवकर थंड करावा आणि फ्रिजमध्ये ठेवावा. त्याहून सोपं म्हणजे दशम्या, चटणी आणि केळी.

संसर्गाला मात्र याहून जास्त वेळ लागतो. नोरोव्हायरस या विषाणूची लक्षणं दिसायला साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात. कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूला बहुधा दोन ते पाच दिवस. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीला आठवडासुद्धा लागू शकतो. म्हणून रविवारी सकाळी अकरा वाजता वॉटर पार्कमध्ये ज्या मुलाला जुलाब सुरू झाले, त्याने तो संसर्ग बहुधा पुण्याहूनच सोबत आणलेला असतो. शुक्रवारचा वाढदिवस, शनिवारचा क्लास, सोसायटीत आलेला टँकर, असं काहीही त्याचं मूळ असेल. आणि पार्कातल्या पाण्यात जो काही संसर्ग होईल तो सोमवार-मंगळवारी किंवा त्याहीनंतर उगवेल. तोवर ते मूल शाळेत बाकावर बसलेलं असेल.

पुणेकरांना हे पटवून द्यायला लांबची उदाहरणं लागू नयेत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. पुणे आणि परिसरातला आकडा पुढे दोनशेच्या वर गेला आणि काही जण दगावले. हातापायांतली ताकद जाण्याआधी यातल्या अनेकांना जुलाब झाले होते. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी मिळाला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पिलोबॅक्टरच्या साधारण हजार संसर्गांमागे एकात असा लकवा येतो, म्हणजे दोनशे रुग्णांच्या मागे साधं पोट बिघडून गेलेली किती माणसं असतील याचा अंदाज करावा. नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्येच महापालिकेत आली होती, पण पुरेशी शुद्धीकरण यंत्रणा त्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. हाच रस्ता पुढे खडकवासल्याच्या चौपाटीकडे आणि सिंहगडाकडे जातो. शहराचं पाणी आणि शहराची सहल वेगवेगळ्या नकाशांवर नसतात.

आता पार्कातल्या पाण्याकडे येते. क्लोरीनचा वास आला की पाणी सुरक्षित असं आपण धरून चालतो. क्लोरीन योग्य प्रमाणात, म्हणजे दहा लाख भागांत किमान एक भाग, आणि पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असेल तर बहुतेक जिवाणू काही मिनिटांत मरतात. घातक ई. कोलाय एका मिनिटाच्या आत, हिपॅटायटिस ए चा विषाणू सुमारे सोळा मिनिटांत, जिआर्डिया हा परजीवी पाऊण तासात. क्रिप्टोस्पोरिडियम मात्र त्याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक तग धरतो. एकाच मुलाचा एकच जुलाब पाण्यात झाला तर लाटांच्या तलावात डुंबणाऱ्या सगळ्यांच्या तोंडात ते पाणी थोडं थोडं जातं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सेनेका लेक इथल्या उद्यानातल्या फवाऱ्यांच्या मैदानावर याच परजीवीने तीन हजारांहून अधिक लोकांना आजारी पाडलं. तिथे तेच पाणी फिरवून वापरलं जात होतं आणि क्रिप्टोस्पोरिडियमला अडवायला ते शुद्धीकरण पुरेसं नव्हतं. त्यानंतर अशा ठिकाणी अतिनील किरणांसारखी जादा यंत्रणा बसवण्याचा आग्रह सुरू झाला. म्हणून वैद्यकशास्त्राचं सांगणं अगदी साधं आहे: जुलाब चालू असताना पाण्यात उतरू नये, आणि क्रिप्टोस्पोरिडियमचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे उतरू नये.

हे सांगणं पाळलं जात नाही, त्याचं कारण तिकिटात आहे.

चौघांचं तिकीट, लॉकर, पोहण्याचे कपडे, आतलं जेवण, गाडी असा सगळा खर्च मध्यमवर्गीय घरात दोन-तीन महिने बाजूला काढून ठेवावा लागतो. तिकीट आगाऊ, ऑनलाइन काढलेलं. पैसे परत मिळणार नाहीत, ही अट अशा तिकिटांवर सर्रास असते. रविवारी पहाटे मुलीला दोनदा जुलाब झाले. आईबापांपुढे दोन वाटा असतात: सगळे पैसे बुडवायचे आणि धाकट्याचं रडणं ऐकायचं, किंवा जुलाब थांबवायची गोळी देऊन निघायचं. बहुतेक जण निघतात. मी त्यांना दोष देत नाही. लहान मुलांना असली गोळी परस्पर देणं धोक्याचं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं, आणि 'जुलाब होत असल्यास पाण्यात उतरू नये' ही पाटी त्यांना दिसते ती पैसे भरून, नव्वद किलोमीटर येऊन, कपडे बदलून झाल्यावर. त्या वेळी ती पाटी पाळण्याची सगळी किंमत एकट्या कुटुंबाने मोजायची आणि न पाळण्याची किंमत तलावातल्या अनोळखी मुलांनी मोजायची, अशी ही रचना आहे. ती बदलायला हवी.

माझी मागणी आहे की पोटाच्या तक्रारीसाठी तिकिटाची तारीख बदलून मिळावी. सकाळी पार्क उघडण्याआधी फोन केला किंवा संदेश पाठवला की तेच तिकीट पुढच्या साठ दिवसांत कुठल्याही दिवशी चालावं. डॉक्टरांचा दाखला मागू नये, रविवारी पहाटे सहाला तो कुठून आणायचा? काही लोक याचा गैरफायदा घेतील हे खरं आहे. पाऊस आला, पाहुणे आले म्हणूनही पोटदुखी सांगतील. पण पार्कवाल्यांना यात पैसे परत करायचे नाहीत, तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी येणार आहे. ज्यांना आत आल्यावर त्रास सुरू होतो त्यांना निदान कोरड्या खेळांकडे किंवा दुसऱ्या तारखेकडे वळता यावं. आणि प्रथमोपचाराच्या खोलीत पंखा, पलंग आणि जवळ स्वच्छ संडास असावा. आजारी पोराला घेऊन संडासाच्या रांगेत उभ्या असलेल्या आया मी पाहिल्या आहेत, त्यांची ती घालमेल विसरता येत नाही.

दुसरं, तलावाच्या पाण्यातला क्लोरीन आणि सामू दर काही तासांनी मोजून दारातल्या फळ्यावर लिहावा. जलतरण तलावांच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३३२८ हे मानक आहे. मोजमाप होत असेल तर ते गिऱ्हाइकाला दाखवायला अडचण असू नये.

पालकांच्या हातातलं औषध म्हणजे पाणी, मीठ आणि साखर. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली चारच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची. ती लहान बाटलीत ओतली तर मिठाचं प्रमाण घातक होतं. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजायचं. 'ओआरएस' हे नाव मिरवणाऱ्या गोड पेयांच्या डब्यांनी वर्षानुवर्षं लोकांची फसगत केली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी दीर्घकाळ लढा दिल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हे नाव वापरायला मनाई केली. कोल्ड्रिंक आणि डब्यातला रस तर जुलाबात देऊच नये, जास्तीच्या साखरेने जुलाब वाढतात. शौचात रक्त, चढता ताप, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल, यातलं काहीही दिसलं की सहल तिथेच संपवून दवाखाना गाठावा.

सगळ्यात जास्त काळजी मला शाळांच्या सहलींची वाटते. तिथे आईबाप नसतात. पोट दुखतंय हे पन्नास मुलांच्या बसमध्ये सांगायची पाचवीतल्या मुलाला लाज वाटते, सहल चुकेल ही भीती असते, आणि मुली तर वाटेत संडासाला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. बाईंना कळतं तेव्हा मूल सुकून गेलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत सहली निघतात, त्याआधी शाळा पालकांची संमतिपत्रं भरून घेतात. त्या कागदावर एक प्रश्न वाढवावा: गेल्या दोन दिवसांत मुलाला उलट्या किंवा जुलाब झाले आहेत का? त्याच्याच खाली शाळेने लिहून द्यावं की उत्तर 'हो' असेल तर सहलीचे पैसे परत मिळतील किंवा पुढच्या सहलीत धरले जातील. ही खालची ओळ छापली नाही, तर वरच्या प्रश्नाला प्रत्येक घरातून 'नाही' असंच उत्तर येईल.