मालिशची वेळ

सेवाग्रामला आलेला पाहुणा बापू कुटीपाशी रेंगाळतो, तिथला जुना टेलिफोन पाहतो, फोटो काढतो. त्याच आवारात परचुरे कुटी आहे; तिथे फार कोणी थांबत नाही. करुणेवरची भाषणे वर्ध्याला नवी नाहीत, २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला ती हमखास होतात. करुणा रोजच्या कामात कशी उतरवायची, हे मात्र त्या दुर्लक्षित कुटीच्या हकिकतीतून जास्त कळते.

दत्तात्रेय परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित होते आणि सत्याग्रहीही. १९३२ साली ते येरवडा तुरुंगात होते. गांधीजीही तिथेच होते. कुष्ठरोगामुळे शास्त्रींना वेगळे ठेवले होते, म्हणून दोघांचा संबंध पत्रांपुरता राहिला. १९३९ साली, आजार बळावलेला असताना, शास्त्री सेवाग्रामला आले. गांधीजींच्या मनाचा कौल स्पष्ट होता. तरीही त्यांनी परस्पर हुकूम सोडला नाही. आश्रम एकट्याचा नव्हता, तिथे बायाबापड्या आणि मुलेही राहत होती. त्यांनी आश्रमवासीयांना विचारले आणि होकार आल्यावर आपल्या कुटीपासून जवळच शास्त्रींसाठी वेगळी झोपडी बांधून घेतली.

गांधीजी शास्त्रींना मालिश करतानाचा फोटो सगळ्यांना माहीत आहे; त्याआधीचा हा प्रश्न फारसा कोणी सांगत नाही. आमच्या मते तोच अधिक मोलाचा. स्वतःच्या जिवावर धोका पत्करणे हा एकट्याचा निर्णय असतो, पण शेजाऱ्याला त्यात ओढायचे तर त्याला विचारावे लागते. झोपडी वेगळी ठेवली, हेही त्या काळच्या वैद्यकीय समजुतीला धरूनच होते. भीती धुडकावून लावण्याचा आव त्यात नव्हता. भीती मान्य करून तिला मर्यादा घालणे होते.

मग रोजची मालिश सुरू झाली. दुसरे महायुद्ध नुकतेच पेटले होते, सप्टेंबर १९३९ मध्ये काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यातच बसली होती, देशाने युद्धाबाबत काय भूमिका घ्यावी यावर खल चालला होता. अशा दिवसांतही त्या कामाला वेळ राखून ठेवलेला असे. तेलाने रोग बरा होत नव्हता. चालमोगरा तेलापलीकडे कुष्ठरोगावर तेव्हा फारसे काही नव्हते आणि त्याचाही गुण बेभरवशाचा. पण संवेदना गेलेल्या कोरड्या कातडीला तेलपाणी लागतेच, आणि ज्याला कोणी शिवत नाही अशा माणसाला दुसऱ्याचा हात लागणे ही वेगळीच गरज आहे. ती गोळीने भागत नाही.

हे सारे एकट्या गांधीजींच्या नावावर मांडणे मात्र अन्याय ठरेल. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभे केले ते १९३६ मध्ये, म्हणजे शास्त्री सेवाग्रामला येण्याच्या तीन वर्षे आधी. तोवर आपल्याकडे हे काम बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती होते. गाढे विद्वान आणि पुढारी त्याकडे वळत नव्हते. दिवाणांनी पदयात्रा गाजवल्या नाहीत, त्यांचे फोटोही फारसे छापून आले नाहीत. शास्त्रींची प्रकृती आश्रमाच्या शुश्रूषेपलीकडे गेली तेव्हा त्यांना याच दत्तपूरला हलवले आणि १९४५ साली तिथेच ते गेले. दत्तपूर आधीच उभे होते, म्हणून त्यांना जायला जागा होती.

गांधीजींनी विधायक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत कुष्ठरुग्णांच्या सेवेला खादी आणि अस्पृश्यतानिवारणाच्या पंगतीत बसवले. त्यांच्या पश्चात, १९५१ मध्ये, वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले आणि डॉ. रा. वि. वर्देकर यांच्या काळात कामाची दिशाच पालटली. रुग्णाने गाव सोडून कुष्ठधामात यायचे, ही जुनी रीत. आता कार्यकर्ता गावात जाऊन घरोघर तपासणी करू लागला, लोकांना रोग समजावू लागला आणि डॅप्सोनच्या गोळ्या रुग्णाच्या दारी पोहोचवू लागला. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार हे तीन शब्द आज सरकारी कागदांत गुळगुळीत झाले आहेत. त्या वेळी मात्र रुग्णाला त्याच्या घरात राहू देण्याचा तो आग्रह होता. याच जिल्ह्यातल्या हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी शेजारच्या वरोऱ्याला वेगळी वाट धरली. ती सर्वज्ञात आहे.

पुढे बहुविध औषधोपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो, औषध फुकट मिळते आणि उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. २००५ च्या अखेरीस देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण असल्याचे जाहीर झाले. त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला गेला, हे दुर्दैव. कुष्ठरोगाची स्वतंत्र यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विरघळली, तपासणीचा हात सैल पडला. नवे रुग्ण विदर्भात आजही सापडतात. कायदे सुधारले, पण उशिरा: १८९८ चा कुष्ठरोगी कायदा २०१६ साली रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून निघायला २०१९ उजाडले.

अडचण आता औषधाची नाही. अंगावरचा बधिर चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. शंका आलीच तर लपवतो, कारण मुलीचे लग्न ठरायचे असते. रुग्णाच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिनचा एक डोस दिला की त्यांना रोग होण्याची शक्यता कमी होते, अशी सोय सरकारी कार्यक्रमात आहे. पण त्यासाठी आपल्याला काय झाले आहे हे रुग्णाने आधी उघड करायला हवे. शेजारी उद्या पाण्यालाही शिवू देणार नाहीत, असे ज्याला वाटते तो नावे कशी सांगेल? चट्टा दाखवायला सांगणाऱ्या आशाताईंच्या हाती तपासणीचा तक्ता असतो. विश्वास गावानेच द्यावा लागतो. गोळ्या संपल्यावरही हातपायांचा बधिरपणा जात नाही. रोज पाय पाण्यात भिजवणे, मेलेली कातडी घासणे, तेल लावणे, जखम शोधणे आणि मऊ तळव्याची चप्पल घालणे हे आयुष्यभराचे काम आहे. ज्याची बोटे वाकली आहेत त्याला ते एकट्याने जमत नाही.

३० जानेवारीला ग्रामसभांत कुष्ठरोगाविषयीचे आवाहन वाचले जाते, प्रतिज्ञा होते, टाळ्या पडतात. वर्धा जिल्ह्यातल्या सरपंचांनी त्या दिवशी वाचन थोडे आवरावे आणि सेवाग्रामात विचारला गेला तसा प्रश्न ठेवावा: आपल्या गावात कुष्ठरोगाचा कोणी रुग्ण निघाला तर तो गावातच राहील, त्याच विहिरीवर पाणी भरेल, हे सर्वांना मान्य आहे का? कोणी नाही म्हणाले तर त्याचे ऐकून घ्यावे, आरोग्यसेविकेने तिथेच उत्तर द्यावे. होकार मिळाला तर तो ठराव म्हणून नोंदवावा आणि ज्यांच्या घरी कोणी मदतीला नाही अशांचे पाय रोज कोण पाहणार, ते त्याच बैठकीत ठरवावे.