वर्षाचा अध्यक्ष, पाच वर्षांचं मशीन

जून संपत आला की बीडमध्ये दोन प्रकारचे फलक वाढतात. एक बी-बियाणांचे, दुसरे पदग्रहण सोहळ्यांचे. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. मावळते अध्यक्ष कॉलर उतरवतात, नूतन अध्यक्ष ती घालतात, सचिव वर्षभराचा अहवाल वाचतात, आणि मग जेवण. अहवालात शिबिरं असतात, झाडं असतात, वह्यावाटप असतं. क्लबच्या वाटचालीचा आढावा निघाला की ‘कोविड काळातील भरीव कार्य’ हे शब्दही हमखास येतात. यंदा त्या भरीव कार्यापुढे मला एकच वाक्य ऐकायचं आहे: २०२१ मध्ये वर्गणी काढून घेतलेली ऑक्सिजनची मशीनं आज कुठे आहेत आणि त्यांतली किती चालू आहेत?

हा प्रश्न खोडसाळपणाचा वाटू नये म्हणून आधी त्या दिवसांबद्दल सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि बीड जिल्ह्याने ती इतरांपेक्षा कडक पाळली. जिल्ह्याच्या सीमा बंद, बाजार मोजके तास. क्लबच्या साप्ताहिक बैठकाही थांबल्या. त्या ऑनलाइन घ्यायला नियमांची अडचण नव्हती. रोटरीने २०१६ मध्येच बैठकांचे नियम सैल करून क्लबांना ती मोकळीक दिली होती. अडचण सवयीची होती. झूमची फुकटची बैठक चाळीस मिनिटांत तुटायची, आणि आपल्याकडे चाळीस मिनिटं तर स्वागत आणि प्रास्ताविकातच जातात. घंटा वाजायची, राष्ट्रगीत व्हायचं, कुणाचा तरी माइक चालू राहायचा आणि कुकरची शिट्टी सगळ्यांना ऐकू यायची.

पण खरी उणीव जेवणाची होती, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही. तालुक्याच्या गावात क्लबचं काम सभेत ठरत नाही; ते ताट हातात घेऊन उभं असताना ठरतं. डॉक्टर, मोंढ्यातला अडत्या, मेडिकल दुकानदार, वकील, प्राध्यापक आणि एखादा बँकेचा अधिकारी आठवड्यातून एकदा एका ठिकाणी येतात. त्यातून जी ओळख तयार होते तीच क्लबची पुंजी. टाळेबंदीत भेट थांबली, पण आधीच्या वर्षांत जमा झालेली ओळख फोनवर चालली. मोंढ्यातून धान्य भावात मिळवणं, दवाखान्यात खाट रिकामी आहे का ते कळणं, रक्तपेढीने हाक दिली की रक्तदाते जमवणं, ही कामं पैशापेक्षा या ओळखीवर झाली. याचं श्रेय क्लबांना द्यायलाच हवं.

त्या ओळखीची हद्दही त्याच वेळी दिसली. एप्रिल २०२०मध्ये या जिल्ह्याचा सर्वात मोठा प्रश्न शहरात नव्हताच. तो कारखान्यांच्या तळावर अडकून पडला होता. राज्यातल्या ३८ साखर कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार थांबले होते, आणि १७ एप्रिलला शासनाने त्यांना घरी सोडण्याचा निर्णय घेतला. त्यांतले बरेच आपल्या जिल्ह्याचे. ट्रक-ट्रॅक्टरमधून लेकराबाळांसह गावाशी आले, तर गाव दारात घेईना. कुणी शाळेत राहिलं, कुणी शेतातल्या खोपीत. क्लबांनी किराण्याची किट दिली आणि ती उपयोगी पडली. पण आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीच्या वाड्या-तांड्यांवर कुणाला काय हवंय हे सांगणारा माणूस क्लबच्या जेवणाच्या टेबलावर कधी बसलेलाच नव्हता. म्हणून मदत पोचली ती रस्ता होता तिथे आणि ओळख होती तिथे.

आता पैशाकडे येऊ. बीडच्या क्लबाने पैसा उभा करायचा तर कुठून? कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा निधी हा एक मार्ग. कायद्याने तो कंपनीला लागू होतो आणि खर्च करताना कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कायदा सांगतो. बीडला तशा कंपन्या किती? आपला मोठा उद्योग म्हणजे साखर कारखाने. त्यांतले सहकारी कारखाने कंपनी कायद्याखाली येत नाहीत. त्यात १० एप्रिल २०२०च्या केंद्राच्या परिपत्रकाने स्पष्ट केलं की पीएम केअर्सला दिलेला पैसा दायित्वात धरला जाईल, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला धरला जाणार नाही. म्हणजे जे थोडं होतं त्याचाही ओढा दिल्लीकडे.

दुसरा मार्ग परदेशी मदतीचा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेला मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी आली. मोठ्या शहरातल्या संस्थेने पैसा आणायचा आणि गावातल्या छोट्या संस्थेमार्फत तो खर्च करायचा, ही रीत नेमकी दुसऱ्या लाटेच्या तोंडावर मोडली. तिसरा मार्ग रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटचा. तिथे प्रकल्प किमान ३० हजार डॉलरचा लागतो, म्हणजे तेव्हाच्या दराने बावीस लाखांच्या आसपास, आणि परदेशातला भागीदार क्लब लागतो. तालुक्याच्या क्लबाला हे एकट्याने पेलत नाही. पुण्या-मुंबईच्या क्लबाचं बोट धरावं लागतं.

मग उरली आपली जुनी वर्गणी. ती या वेळी व्हॉट्सॲपवर निघाली. कुणीतरी पहिलं नाव आणि आकडा टाकायचा, पुढच्याने ती यादी उचलून खाली आपलं नाव जोडायचं आणि परत ग्रुपवर सोडायची. सोबत क्यूआर कोड. दुकान बंद असलेल्या माणसाने पाचशे रुपये दिले, निवृत्त गुरुजींनी पेन्शनमधले दोन हजार, पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांनी आपापल्या गावच्या नावावर. असा पैसा फार बोलका असतो. देणारा प्रत्येक जण यादीत दिसत होता, आणि जमेची यादी दिवसातून दहादा फिरत होती. खर्चाची यादी त्याच तत्परतेने फिरलेली मात्र मला आठवत नाही.

एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट आली तेव्हा हा पैसा कशावर गेला, ते समजण्यासारखं आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयावर असा ताण आला की परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातलं संयंत्र तिथे हलवून ऑक्सिजन काढायची वेळ आली. मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजनवर असलेल्या एका रुग्णाला सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर बारा तासही पुरत नाही. म्हणजे एका माणसाला दिवसाला दोन. सिलिंडर भरून आणायचा तर रांगा. अशा वेळी विजेवर चालणारं, हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करणारं कॉन्सन्ट्रेटर मशीन हाच दानशूरांना उपाय दिसला. गंभीर रुग्णाला ते पुरत नाही, पण दवाखान्यातून घरी सोडलेल्याला आणि खाटेची वाट पाहणाऱ्याला त्याने श्वास दिला. मागणी वाढली तसे भाव चढले. या यंत्रांवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घालण्याचा आदेश निघाला तो ३ जूनला. लाटेच्या शिखरावर ज्यांनी खरेदी उरकली, त्यांना त्याचा उपयोग नव्हता. महाग का होईना, मशीनं आली. लोकार्पण झालं, फित कापली गेली.

आणि ३० जून उजाडला.

माझं म्हणणं इथे आहे. मे महिन्यात मशीन घेणारा अध्यक्ष दोन महिन्यांत माजी झाला. नव्या अध्यक्षाचा कार्यक्रम नवा, घोषवाक्य नवं, त्याच्या वर्षाचा ‘मेगा प्रोजेक्ट’ नवा. मशीन मात्र तेच. ते नीट राखलं तर पाच वर्षं आणि त्याहून जास्त चालू शकतं. राखणं म्हणजे काय? धुळीचा फिल्टर नियमित धुणं. आतले झिओलाइटचे दाणे ओलाव्याने निकामी होतात, म्हणून मशीन महिनोन्‌महिने बंद न ठेवता मधून मधून चालवणं. बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनची शुद्धता मोजणं. यातलं काहीच अवघड नाही. पण यातल्या कशाचाच फोटो निघत नाही, आणि वार्षिक अहवालात ‘मागच्या वर्षीच्या मशीनचे फिल्टर धुतले’ असं लिहून कुणाला पारितोषिक मिळत नाही.

हा दोष एकट्या क्लबांचा नाही. पीएम केअर्समधून औरंगाबादला आलेल्या व्हेंटिलेटरांतले बरेच नीट चालत नसल्याचं प्रकरण मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेलं होतं. यंत्र पाठवलं म्हणजे काम झालं, ही समजूत दिल्लीतही तेवढीच पक्की आहे. अंबाजोगाईत त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस २२ मृतदेह एका रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात न्यावे लागले आणि राज्यभर संताप उसळला. तेव्हा गाड्या अपुऱ्या होत्या हे खरंच. पण गाडीसोबत चालक लागतो, डिझेल लागतं, रात्रीची पाळी लागते. आपल्याकडे गाडी देणारा दाता सापडतो. चालकाचा वर्षाचा पगार देणारा सापडत नाही.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. खेड्यात सप्ताहासाठी वर्गणीतून घेतलेली मोठी पातेली, कढया, परातींचा संच देवळाच्या खोलीत असतो. किल्ली एका माणसाकडे, वही त्याच्याकडेच. कुणाच्या लग्नाला भांडी गेली, किती परत आली, कुठल्या झाऱ्याचा दांडा मोडला, सगळं लिहिलेलं. सरपंच बदलतात, भांडी टिकतात. सप्ताहाचा जमाखर्चही काल्याच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचला जातो. शिकलेल्या माणसांच्या क्लबला याहून जास्त काही करायचं नाही.

यावर क्लबवाल्या मित्रांचं उत्तर मला ठाऊक आहे. आम्ही धंदा सांभाळून, जीव धोक्यात घालून हे केलं. तेव्हा माणसं मरत होती, वही कोण लिहिणार? त्यांचं पहिलं म्हणणं सोळा आणे खरं आहे. त्या मे महिन्यात कुणी वही लिहीत बसला असता तर मीच त्याला बोल लावले असते. पण तो महिना कधीच संपला. त्यानंतरची वर्षं वही लिहायला पुरेशी होती.

काही जण म्हणतात, अध्यक्षपद तीन वर्षांचं करा म्हणजे सातत्य येईल. मला हे मान्य नाही. या जिल्ह्यात कारखाना, बँक, शिक्षणसंस्था एकदा एका घरात गेली की पिढ्यान्‌पिढ्या तिथून हलत नाही. तिथे दर वर्षी ठरलेल्या तारखेला आपण होऊन रिकामी होणारी खुर्ची ही दुर्मिळ गोष्ट आहे; तिला हात लावू नये. खुर्ची वर्षाचीच असू द्या. वस्तूंचा राखणदार वेगळा नेमा, पाच वर्षांसाठी, आणि त्याला कॉलर नको, वही द्या.

त्या वहीत चार रकाने पुरेत: वस्तू कोणती आणि कुणाच्या पैशातून आली, आज कुठे आहे, शेवटची तपासणी कधी झाली, सध्या कोण वापरतंय. ज्या वस्तू सरकारी दवाखान्याला दिल्या त्यांची नोंदही यात हवी. रोटरी फाउंडेशनच्या नियमाप्रमाणे अनुदानातल्या यंत्राची मालकी लाभार्थ्याकडे जाते, क्लबाकडे राहत नाही. मालकी गेली तरी चौकशी करण्याची नैतिक जबाबदारी संपत नाही. जी मशीनं क्लबाकडेच आहेत, ती रुग्णसाहित्य केंद्रात आणून ठेवावीत. वॉकर, व्हीलचेअर, फाउलर बेड अनामत घेऊन देतात तशी तीही द्यावीत. दम्याचे, चुलीच्या धुराने फुफ्फुसं गेलेल्या बायांचे, क्षयानंतर धाप लागणाऱ्या माणसांचे श्वास महामारी सरली म्हणून सुधारलेले नाहीत. आणि अशी केंद्रं फक्त बीड-अंबाजोगाईत न ठेवता त्यांतलं एक तरी धारूर किंवा शिरूर कासारला उघडावं, दिवाळीआधी कोयता घेऊन निघणारी माणसं जिथली आहेत तिथे.

शेवटची सूचना निधीबद्दल. यापुढे यंत्रासाठी वर्गणी काढाल तेव्हा शंभरातले पंधरा-वीस रुपये देखभालीसाठी आधीच बाजूला काढा आणि यादीच्या डोक्यावर तसं लिहा. बीडचा माणूस याला नाही म्हणणार नाही. दुष्काळात बाहेरून आलेल्या टँकरमागे धावलेला जिल्हा आहे हा. वस्तू येणं आणि वस्तू चालू राहणं यांतला फरक त्याला शिकवायची गरज नाही.

येत्या पंधरवड्यात पदग्रहणाची निमंत्रणं येतील. ज्यांनी २०२१ मध्ये यादीत आपलं नाव जोडलं होतं, त्यांनी या वर्षी जरूर जावं, नव्या अध्यक्षांचं अभिनंदन करावं आणि जेवायला बसण्याआधी मशीनची चौकशी करावी. उत्तर देता येणारा क्लब पुढच्या संकटात आपल्या पाचशे रुपयांचा पहिला हक्कदार. उत्तर नसेल, तर नव्या अध्यक्षांना त्यांच्या वर्षाचा पहिला प्रकल्प तिथेच सुचवावा: जुनी मशीनं शोधून काढणं.